नोटिशीची पोच

मिरजेत माझ्या नोटिशीला लोक वचकून असतात. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगायला येणार नाही. मी ॲडव्होकेट पद्मजा उपाध्ये. कोर्टात टेबल बडवणारे वकील आमच्याकडे ढिगाने आहेत, मी त्यातली नाही. माझं बोलणं कागदावर. 'माझे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून व अधिकारावरून आपणांस कळविण्यात येते की' असं एकदा सुरू केलं की पुढे शिवी नाही, धमकी नाही, एक विशेषण जास्तीचं नाही. तरी वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडली पाहिजे.

ही कला मी अण्णांकडून उचलली. अण्णा म्हणजे माझे वडील, आदिनाथ उपाध्ये. हायस्कुलात मराठी शिकवायचे, अर्ध्या गावाचे उपाध्ये सर. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही आणि आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. अण्णा निवृत्त झाले, पण लोकांना सुधारायचं काही थांबलं नाही. पेपरात चूक दिसली की संपादकाला पत्र, दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकली की दुकानदाराला निरोप. फाटकाबाहेर त्यांनी एक फळा लावलाय, त्यावर रोज सकाळी 'आजचा शब्द' लिहायचे. शाळेत जाणारी पोरं थांबून वाचायची. आणि कोणी वेंधळेपणा केला की त्यांचं ठरलेलं वाक्य, 'पोच नाही रे तुला.' माझं अर्धं लहानपण ते ऐकण्यात गेलं.

गिरिजा हळिंगळे माझ्याकडे आली ती भर दुपारी, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. आत येऊन दार लावल्यावरच तिने तो सोडला. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, नवरा वारला, शाळेत जाणारी एक मुलगी. गावाच्या व्याख्यानमालेची कार्यवाह. आधी हे काम अण्णांकडे होतं, अनेक वर्षं. गेल्या साली त्यांनीच शाल-नारळ देऊन तिच्या हाती सोपवलं आणि तिने व्याख्यानमालेचं रूपच पालटलं. पूर्वी पुढच्या चार रांगा भरायची मारामार, आता जिन्यात माणसं बसतात.

तिने फोन माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसली. मी वाचत गेले. दर वेळी नंबर नवा, भाषा मात्र एकच, इस्त्री केलेली. 'कालच्या प्रास्ताविकात आपण वक्त्यांपेक्षा अधिक बोललात.' 'निळी साडी आपणांस शोभत नाही. सभागृह हा लग्नमंडप नाही.' 'आपले पती हयात असते तर त्यांना लाज वाटली असती.' 'काल आपल्या घरातील दिवा उशिरापर्यंत सुरू होता.' आणि सगळ्यात शेवटी, 'आपली कन्या क्लासहून एकटी येते.'

या शेवटच्या ओळीने ती माझ्याकडे आली होती. पोलिसांनी हात टेकले होते, कारण नंबर कुठल्या कुठल्या देशांचे निघायचे. व्याख्यानमाला सुरू व्हायच्या आत राजीनामा देऊन भावाकडे बेळगावला निघून जायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

एक निरोप आम्हा दोघींनाही काही केल्या उमगेना. 'आपल्याकडे पावती नाही. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांनी व्यासपीठावर चढू नये.' कसली पावती? तिने देणग्यांची सगळी पुस्तकं धुंडाळली, मंडपवाल्याची बिलं पाहिली. सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, असेल एखादा देणगीदार रुसलेला.

मी तिला विचारलं, काय हवंय तुला? माफी, शिक्षा, काय?

"मला कळायला हवंय, पद्माताई," ती म्हणाली. "बाजारात समोरून कोणी आलं की मला वाटतं, हाच असेल. सगळं गाव मला तसं दिसायला लागलंय. एकदा नाव कळलं की बाकीचे सगळे मला परत मिळतील."

तिचा हात मी हातात घेतला. मला भयंकर राग आला होता, आणि राग आला की माझं लिखाण फार छान होतं.

आता इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्या निरोपांची भाषा इस्त्री केलेली का होती? तर 'धोबी'मुळे. खरं नाव काहीतरी इंग्रजी आहे, पण मिरजेत त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही. फोनमधल्या धोब्याकडे आपलं वाक्य टाकायचं, तो ते उलगडतो, त्यातले आपले शब्द, आपल्या गावची वळणं, आपल्या चुका काढून टाकतो आणि तोच अर्थ कोऱ्या करकरीत मराठीत परत देतो. वाक्य कोल्हापूरकराने टाकलं की भंडाऱ्याच्या माणसाने, बाहेर येणारं सारखंच. लाजऱ्या माणसांना अर्ज लिहायला सोय म्हणून ते निघालं होतं, आणि निनावी छळणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं.

मग पुण्याच्या एका इस्पितळात डॉक्टर नीलोफर काझी नावाच्या बाईंना भलताच शोध लागला. त्या काही धोब्याच्या मागावर नव्हत्या. झटका येऊन वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करायचं, हे त्यांचं काम. अशा माणसांचे शब्द परत येतात ते भलतेच येतात. लिंबू म्हणायचं असतं आणि तोंडून 'पिवळं' निघतं. काझीबाईंनी या रुग्णांचं आजारानंतरचं बोलणं आणि आजाराआधीची त्यांची पत्रं शेजारी ठेवली, तेव्हा त्या चकित झाल्या. शब्द सगळे बदलले होते, पण बोलण्याची वाट तीच होती. आधी काय सांगायचं, कुठे थांबायचं, सरळ सांगायची गोष्ट 'नाही' लावून उलटी कुठे सांगायची, रागावल्यावर वाक्य कुठे तोडायचं. जणू नदीचं पाणी दुसरं आलं, पात्र मात्र जुनंच. त्यांनी त्याला नाव दिलं 'ओघ'.

हा ओघ आपण लिहा-वाचायला शिकायच्या आधीच घरात तयार होतो, ज्यांच्या तोंडचं ऐकत वाढलो त्यांच्याकडून. पुढे शिका, परदेशी जा, म्हातारे व्हा, तो हलत नाही. मराठी बोलणारी एवढी कोटीच्या कोटी माणसं, आणि कुणाचा ओघ कुणाशी तंतोतंत जुळत नाही. अगदी जवळ येतात ती एका घरात वाढलेली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ हातातली पेन्सिल नुसती फिरवत बसले होते. आपल्याला वाटतं आपण बोलतो, आणि आपल्या तोंडून कोण कोण बोलत असतं.

धोबी शब्द धुतो, पण ओघ त्याच्या हाती लागत नाही. मग कायदा आला. छळणाऱ्याचं नाव-गाव ठाऊक नसेल, तर नोटीस त्याच्या ओघावर बजावता येते. बजावणी केंद्राकडे त्याचे निरोप द्यायचे, आपली नोटीस द्यायची. मग तो माणूस कुठल्याही फोनवरून, कुठल्याही नावाने, अगदी वाण्याला 'साखर पाठवा' एवढं लिहायला बसला, तरी साखरेआधी त्याच्यापुढे नोटीस उघडते. आपण काय लिहितो ते केंद्र वाचत नाही, फक्त ओघ पडताळतं. नोटीस मिळालेल्याने मुदतीत स्वतःच्या भाषेत पोच द्यायची. दिली तर त्याचं नाव तक्रारदाराला कळतं, पुढचं तिने ठरवायचं. नाही दिली, तर सगळं थेट कोर्टात.

मी नोटीस लिहिली. आजवरची माझी सगळ्यात चांगली. गिरिजाला वाचून दाखवली तेव्हा पहिल्यांदाच तिचे खांदे जरा सैल झाले. मी ती केंद्राकडे पाठवली, आणि पडद्यावर एक चौकट आली: 'नोटीस लिहिणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा ओघ अत्यंत जवळचा आहे. दोघे एकच आहात काय?' खाली 'होय' आणि 'नाही'.

आम्ही दोघी हसलो. मी म्हटलं, घ्या, मीच माझ्या अशिलाला छळतेय म्हणे. यंत्रालाही कधी कधी चकवा लागतो. मी 'नाही' दाबलं. खाली बारीक अक्षरांत होतं की हे उत्तर मुदत संपेपर्यंत बदलता येईल आणि 'होय' म्हटल्यास नोटीस रद्द होऊन सर्व निरोप पुसले जातील. ते मी वाचलं न वाचल्यासारखं केलं.

मग पडदा काळा झाला आणि त्यावर ठिपके उमटले. त्या क्षणी मराठी लिहीत असलेला प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. नाव नाही, गाव नाही, नकाशा नाही, नुसता उजेड. कोणी आईला पोचल्याचं कळवत असेल, कोणी प्रेमात पडल्याचं, कोणी उद्याच्या रजेचा अर्ज लिहीत असेल. एवढी माणसं एकाच वेळी एकाच भाषेत लिहीत असतात हे मला ठाऊक होतं, पण दिसलं नव्हतं कधी. अमावास्येला गच्चीवर झोपावं आणि डोळे उघडावेत तसं झालं. मग एकेक ठिपका विझत गेला. जुळत नाही, जुळत नाही, जुळत नाही. गिरिजाने माझा दंड घट्ट धरला होता. शेवटी एवढ्या काळोखात एकच ठिपका उरला, आणि खाली ओळ आली: 'नोटीस दाखवली.'

"आहे तो," गिरिजा पुटपुटली. "खरंच कोणीतरी माणूस आहे."

त्यानंतर मी रोज सकाळी चहाबरोबर केंद्राचा निकाल बघायची. रोज तेच, 'नोटीस दाखवली. पोच नाही.' निरोप यायचे मात्र थांबले होते. तो लिहायला बसला की नोटीस पुढे उभी राहणार, म्हणून त्याने लिहिणंच बंद केलं असणार. मला त्यात एक आसुरी आनंद व्हायचा. बस म्हटलं आता मुका होऊन.

घरी अण्णांचं डोळ्यांचं दुखणं निघालं होतं. संपादकाला पत्र नाही, शब्दकोडं नाही, फोन उशाखाली पालथा. वाणसामान हवं असेल तर मला तोंडी सांगायचे. फाटकाबाहेरचा फळा कोराच होता. पोरं थांबायची, बघायची आणि पुढे जायची. डॉक्टरकडे चला म्हटलं तर नको म्हणाले. खडूने फळ्यावर लिहायला काय होतंय, असं मी एकदा विचारलंही. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या सकाळी मी स्वयंपाकघरात उभी होते, एका हातात फोन, दुसऱ्या हातात गाळणी. निकाल आला आणि मी तो वैतागून मोठ्याने वाचला. "पोच नाही."

बाहेरच्या खोलीत अण्णांच्या हातातली बशी खाली पडली.

मी तिथेच उभी राहिले. पोच नाही. माझ्याच तोंडून निघालेलं ते वाक्य माझ्या कानांत अण्णांच्या आवाजात वाजलं. पोच नाही रे तुला. पोच नाही लोकांना. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धोब्याला काय ठाऊक, पोच म्हणजे समज, तारतम्य, चार माणसांत कसं वागावं याची जाण? त्याला पोच म्हणजे पोचपावती. कोणीतरी त्याच्याकडे टाकलं होतं, 'तुम्हाला पोच नाही. ज्यांना पोच नाही त्यांनी व्यासपीठावर चढू नये.' त्याने इमानाने धुऊन दिलं, 'आपल्याकडे पावती नाही.'

लिहिणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा ओघ अत्यंत जवळचा आहे. यंत्राला चकवा लागला नव्हता. वडिलांकडून मला नाक आलं, रंग आला, आणि वाक्य तोडायची जागाही आली. नोटीस लिहून माझ्या हातांनी मी ती मिरजेतून पाठवली, ती सगळ्या महाराष्ट्रातून, सगळ्या जगातल्या मराठी माणसांतून फिरली आणि माझ्याच घराच्या बाहेरच्या खोलीत येऊन थांबली. आणि खरं सांगते, भीती वाटत असतानाही मी थक्क झाले होते.

अण्णांशी एक शब्द न बोलता मी कोर्टात गेले. वकिलांच्या बाररूमच्या कोपऱ्यात बसून फोन उघडला. 'दोघे एकच आहात काय?' प्रश्न अजून खुला होता. 'होय' दाबलं की संपलं. केंद्र म्हणणार, वकिलाच्या आणि छळणाऱ्याच्या मजकुराची सरमिसळ झाली, नोटीस रद्द. निरोप पुसले जाणार. अण्णा पुन्हा कधी असं करणार नाहीत, एवढी धास्ती त्यांनी घेतलीच आहे. त्यांचं वय, त्यांचं नाव, रस्त्यात वाकून नमस्कार करणारे त्यांचे विद्यार्थी, सगळं शाबूत राहील. खोटं तरी कुठे होतं त्यात फारसं? एकच आहोत की जवळजवळ.

माझं बोट काचेवर होतं, आणि गिरिजा आली.

ती राजीनाम्याचा कागद घेऊन आली होती, मी एकदा नजर घालावी म्हणून. पोच आली का, असं तिने विचारलं. अजून नाही, मी म्हटलं. ती शेजारच्या खुर्चीत बसली. म्हणाली, हल्ली कोणाला नमस्कारसुद्धा करावासा वाटत नाही. मग जरा हसली.

"काल उपाध्ये सर भेटले वाटेत. त्यांना मात्र सगळं सांगितलं मी. एवढे एकच माणूस उरलेत गावात, ज्यांच्याशी मी निर्धास्त बोलते. काही बोलले नाहीत हो ते. नुसते मान खाली घालून ऐकत राहिले. किती वाईट वाटलं असेल त्यांना."

मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. तिला म्हटलं, राजीनामा आज देऊ नकोस. का, ते उद्या सांगते.

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. जैनांच्या घरातली ही रीत अण्णांनी कधी मोडली नाही. मी ताटं वाढली. उन्हं अजून स्वयंपाकघराच्या ओट्यावर होती. अण्णांनी पहिला घास घेतला आणि मी म्हटलं, "अण्णा, पोच द्या."

कसली, असं त्यांनी विचारलं नाही. भाकरीचा तुकडा त्यांनी ताटात परत ठेवला. मग सांगू लागले, थांबत थांबत, माझ्याकडे न बघता. कार्यवाहपद त्यांनी आपखुशीने सोडलं होतं, पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसल्यावर कळलं की आता आपल्याला कोणी काही विचारणार नाही. गिरिजाने पाहुण्यांचं आडनाव चुकीचं उच्चारलं. चूक कळवायला हवी, पण स्वतःच्या नावाने कळवलं तर म्हातारा जळतो असं वाटेल, म्हणून धोबी. तो पहिला निरोप अगदी सभ्य होता. पुढच्या व्याख्यानाला गिरिजाने तो व्यासपीठावरून वाचला आणि 'अज्ञात गुरुजींचे आभार' म्हणाली. सभागृह हसलं. अण्णा तिसऱ्या रांगेत बसून ते हसू ऐकत होते.

"मी तिला सुधारत होतो, पद्मा," ते म्हणाले.

"मुलगी क्लासहून एकटी येते, यात कुठली सुधारणा होती, अण्णा?"

त्या ओळीवर ते स्वतःही दचकले होते, असं नंतर म्हणाले. फिरायला जाताना पोरगी दिसली, लिहून गेलं. धोब्यातून बाहेर आलेली भाषा इतकी सोवळी दिसायची की आपण घाण लिहितोय हे डोळ्यांना जाणवायचंच नाही. नोटीस मात्र पहिल्या ओळीलाच ओळखली होती. त्यांना वाटलं, कोणीतरी माझंच वाक्य माझ्यावर उगारलंय. मग खाली माझं नाव दिसलं.

थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, हे रद्द करता येतं का तुला?

येतं, मी म्हटलं. बोट ठेवायचा अवकाश आहे. पण नाही करणार. उद्या मी ही केस सोडतेय आणि का सोडतेय ते गिरिजाला सांगतेय. तिला ते माझ्याकडून कळावं, की त्याआधी तुमच्याकडून, एवढंच तुमच्या हातात आहे. बोलता बोलता मी सरळ रडायला लागले. ज्या माणसाने मला अक्षर दिलं त्याच्यापुढे वकिली करायची वेळ आली होती. रडत रडतच त्यांच्या ताटात आमटी वाढली.

हात धुऊन अण्णांनी उशाखालचा फोन आणला. लिहायला सुरुवात करताच माझी नोटीस उघडली, ती त्यांनी पुन्हा एकदा पूर्ण वाचली. मग खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'कळत-नकळत माझ्याकडून काही चूक झाली असल्यास मनःपूर्वक क्षमा असावी.' पर्युषण संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी ते दरवर्षी सगळ्यांना पाठवतात तेच वाक्य. गिरिजालाही गेलं होतं ते, निरोपांच्या त्या सगळ्या घाणीच्या मधोमध.

केंद्राने क्षणात परत पाठवलं. 'या मजकुरात कोणाचाही ओघ नाही. स्वतःच्या शब्दांत लिहा.'

अण्णा त्या ओळीकडे बघतच राहिले. मीही. आयुष्यभर काढलेल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत त्यांनी ही सूचना छापली होती. स्वतःच्या शब्दांत लिहा. एवढ्या पिढ्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेलं ते वाक्य, आणि त्यात क्षमा मागणारा कोणीच नाही, हे एका यंत्राला दिसलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात कधी आला नव्हता असा.

त्यांनी चष्मा पुसला. एकेक अक्षर नीट बघून लिहिलं. मग फोन माझ्यापुढे धरला, जशी मी लहानपणी त्यांच्यापुढे वही धरायची.

'नोटीस पोचली. पोच मलाच नव्हती. आदिनाथ उपाध्ये.'

मी काही सुधारलं नाही. त्यांनी पाठवलं. पडद्यावर पुन्हा तो काळोख आला, त्यात एकटा ठिपका, आणि खाली शब्द उमटले: 'ओघ जुळला. पोच मिळाली.'

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजा फाटकापाशी आली. तोंडाला स्कार्फ नव्हता. आत ये म्हटलं तर आली नाही. अण्णा पायरीवर जाऊन उभे राहिले, मी त्यांच्या मागे.

"ती पावती," गिरिजा म्हणाली, "म्हणजे पोच होती तर. मी अख्खी कपाटं उपसली, सर."

अण्णा एक पायरी खाली उतरले.

"मी तक्रार मागे घेणार नाही."

"घेऊ नका," अण्णा म्हणाले. ती कॉलेजात शिकत होती तेव्हापासून ते तिला अगं-तुगं करत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा 'तुम्ही' झालं, आणि तिघांनाही ते ऐकू आलं.

तिने मला दुसऱ्या चांगल्या वकिलाचं नाव विचारलं. मी दिलं. मग ती वळून बाजाराच्या रस्त्याने चालू लागली. कोपऱ्यावर भाजीवाली बसते, तिच्याशी थांबून बोलली. पुढे सायकलच्या दुकानदाराने हात केला, तिनेही केला. बाकीचं गाव तिला परत मिळालेलं मी फाटकातून बघत होते. माझ्या घरातून काय गेलं तेही मला दिसत होतं.

राजीनामा तिने दिला नाही. व्याख्यानमालेच्या पहिल्या दिवशी ती निळी साडी नेसून आली आणि प्रास्ताविकात वक्त्यापेक्षा जास्त बोलली. मी अगदी मागे जिन्यात बसून ऐकलं. निकाल लागेपर्यंत कोर्टाने अण्णांना सभागृहात यायला आणि तिच्या घरावरून जायला मनाई केलीय. ते फिरायला आता उलट्या दिशेने जातात. फळा अजून कोराच आहे. पण परवा फाटकापाशी एका पोराने त्यांना विचारलं, शब्द का नाही लिहीत? त्यांनी त्याला सांगितलं, शोधतोय.

गिरिजाच्या नव्या वकिलाने माझी साक्ष मागितली. मी ती लिहून काढली, काही न लपवता, एक विशेषण जास्तीचं न घालता. साक्षही केंद्राच्या पडताळणीतून जाते, म्हणून काल तिकडे पाठवली. पडद्यावर चौकट आली: 'साक्ष देणाऱ्याचा आणि आरोपीचा ओघ अत्यंत जवळचा आहे. दोघे एकच आहात काय?'

मागच्या वेळी मी हसले होते. या वेळी साक्ष पुन्हा वरपासून वाचून काढली. प्रत्येक वाक्य तिथेच तुटत होतं, जिथे अण्णांनी तोडलं असतं. मग मी 'नाही' दाबलं. दाबायला मला फार वेळ लागला.